सही करण्याआधी

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, मुलाची निवड झाली की पालकांना दोन कागदांवर सही करावी लागते. पहिल्याचा आशय असा: प्रशिक्षणात पाल्याला इजा झाली, किंवा त्या इजेवरच्या शस्त्रक्रियेतून अपंगत्व वा मृत्यू आला, तरी सरकारकडे नुकसानभरपाई मागण्याचा हक्क मला नाही, हे मला समजलं आहे. दुसरं बंधपत्र: पाल्याने आपणहून प्रशिक्षण अर्धवट सोडलं तर त्याच्यावर झालेला खर्च मी भरेन. अग्निवीर होणारा मुलगा अठराच्या आतला असेल तर त्याच्याही नावनोंदणी अर्जावर आई-वडिलांची सही लागते. इंजिनिअरिंगच्या किंवा मेडिकलच्या प्रवेशअर्जात इजा-मृत्यूची असली वाक्यं नसतात.

म्हणून मुलांना सैन्यात जायला प्रोत्साहन द्यावं का, हा प्रश्न देशभक्तीच्या भाषणात सुटत नाही. सही करणाऱ्याने त्याचं उत्तर स्वतःशी द्यायचं असतं. माझं मत स्पष्ट आहे: मुलाने किंवा मुलीने हे आपणहून मागितलं तर घराने सगळी ताकद लावावी. मागितलं नसेल तर हे स्वप्न त्यांच्या डोक्यात घालू नये. वडिलांचं राहून गेलेलं स्वप्न म्हणून तर मुळीच नाही.

साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला सगळे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले. अशा गावांत मुलाला कुणी प्रोत्साहन द्यावं लागत नाही, घरातल्या भिंतीवरचे फोटोच ते काम करतात. तिथे पालकांचं काम नेमकं उलटं आहे. ‘मला नाही जायचं’ असं म्हणायची जागा मुलाला घरात आहे का, हे त्यांनी बघायचं.

पहिल्या कागदाकडे परत येऊ, कारण तो बहुतेक घरांत न वाचताच सही होतो. प्रशिक्षणात जायबंदी होऊन घरी पाठवलेला कॅडेट अजून अधिकारी झालेला नसतो, म्हणून तो माजी सैनिक ठरत नाही आणि त्याला निवृत्तिवेतन नसतं. मिळते ती सानुग्रह रक्कम: महिन्याला ९,००० रुपये आणि शंभर टक्के अपंगत्व असेल तर आणखी १६,२०० रुपये, त्याहून कमी असेल तर त्या प्रमाणात. हे आकडे यूपीएससीच्या एनडीए अधिसूचनेत छापलेले असतात. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा कॅडेट्सच्या हालअपेष्टांची स्वतःहून दखल घेतली आणि त्यानंतर त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेतलं गेलं. अधिसूचना पन्नासहून जास्त पानांची असते. पालकांनी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मुलासोबत बसून वाचावी. ज्या घराला ते वाचन जड जातं त्या घराने सहीची घाई करू नये.

‘सैन्यात जाणं’ म्हणताना आपण दोन अगदी वेगळ्या नोकऱ्या एका शब्दात कोंबतो. एक अधिकाऱ्याची, दुसरी अग्निवीराची. दोन्हींत वर्दी आहे, धोका आहे, अभिमान आहे. पण पालकाने द्यायचा सल्ला दोन्हींसाठी एकच असू शकत नाही.

अग्निवीराचा हिशोब कागदावर मांडूनच बघावा. किमान वय साडेसतरा, मुदत चार वर्षं. पगार पहिल्या वर्षी ३०,०००, मग ३३,०००, ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले तीस टक्के दर महिन्याला सेवानिधीत जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,००० आणि चौथ्या वर्षी २८,००० येतात. कापलेली रक्कम चार वर्षांत ५ लाख २ हजारांच्या आसपास होते, तेवढीच सरकार घालतं, आणि व्याजासह साधारण ११ लाख ७१ हजार रुपये करमुक्त मिळतात, असं योजना जाहीर करताना सांगितलं गेलं. ग्रॅच्युइटी नाही, निवृत्तिवेतन नाही. तुकडीतले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे नियमित सेवेत घेतले जातात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचेनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या एका अग्निवीराला मरण आलं, तेव्हा या अटी महाराष्ट्राने पहिल्यांदा नीट वाचल्या: ४८ लाखांचा विमा, ४४ लाख सानुग्रह, उरलेल्या मुदतीचा पगार, सेवानिधी. रक्कम मोठी आहे. कुटुंबाला दरमहा येणारं निवृत्तिवेतन मात्र त्यात नाही.

पहिल्या तुकड्या २०२२च्या अखेरीस आणि २०२३च्या सुरुवातीला दाखल झाल्या, त्यामुळे चार वर्षं पूर्ण करून मुलं घरी परतण्याची वेळ २०२६च्या अखेरीपासून सुरू होते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी आरक्षण आहे, वयाची सवलत आहे. पण आरक्षण म्हणजे नेमणूकपत्र नव्हे. जनरल ड्युटीसाठी, म्हणजे साध्या जवानाच्या पदासाठी, दहावी ४५ टक्क्यांनी पास पुरते, आणि इथेच घरं फसतात. दहावी झाली, घरची अडचण आहे, घाला फॉर्म. माझं आग्रहाचं सांगणं आहे की बारावी झाल्याशिवाय मुलाला या रांगेत उभं करू नये. आणि उभं करताना चार वर्षांनंतरचा रस्ता कागदावर लिहावा: सेवेत असताना पदवी पुरी करायची, की परत येऊन पोलीस भरती, की वाहनदुरुस्ती, वीजकाम असं काही. चारातला एकच आत राहणार हे मुलाला निघतानाच ठाऊक असेल तर बाविसाव्या वर्षी परत येणं त्याला अपयश वाटणार नाही. घरालाही वाटू नये.

आता शरीर. अग्निवीर भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावलं तर ६० गुण आणि दहा बीम, म्हणजे पुल-अप्स, मारले तर ४०. नऊ फुटांचा खड्डा आणि तोल सांभाळायची झिगझॅग पट्टी फक्त पार करायची. साडेपाच मिनिटं म्हणजे चारशे मीटरची फेरी ८२ सेकंदांत, आणि तीही सलग चारदा. भरतीच्या मैदानावर मुलं गर्दीतून पुढे निघायला पहिली फेरी ७० सेकंदांत मारतात आणि तिसऱ्या फेरीत त्यांचे पाय लाकूड होतात. सराव सारख्या वेगाच्या फेऱ्यांचा हवा. बीमला महिने लागतात. आधी नुसतं लोंबकळायचं, मग स्टुलावरून हनुवटी वर नेऊन सावकाश खाली यायचं, आणि मग पूर्ण हात सरळ करून एकेक वाढवायचा. अर्धवट खाली येऊन मारलेला बीम मैदानावर मोजत नाहीत.

तालुक्याच्या ठिकाणी पहाटे चारला डांबरी रस्त्यावर धावणारी मुलं पाहिली की काळजी वाटते. झिजलेले बूट, डांबर आणि एकदम वाढवलेलं अंतर, या तिघांनी नडगी दुखू लागते. ते दुखणं गोळ्या खाऊन दाबलं की हाडाला बारीक चीर पडते. खूण सोपी आहे: नडगीवर एका बोटाएवढ्या जागी दाबल्यावर कळ येते आणि बसून राहिलं तरी ती जात नाही. सुरुवातीच्या एक्स-रेत ही चीर बहुतेकदा दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे चांगला आहे’ ऐकून मुलाला पुन्हा पळवू नये. काही आठवडे धावणं बंद, पोहणं किंवा सायकल चालू. मातीचं मैदान आणि बऱ्यापैकी बूट ही पालकांनी करायची पहिली गुंतवणूक, अकॅडमीची फी त्यानंतर.

तेवढीच महत्त्वाची तपासणी चौदाव्या-पंधराव्या वर्षी करून घ्यायची. रंग ओळखण्याची ठिपक्यांच्या आकड्यांची चाचणी कुठलाही नेत्रतज्ज्ञ दहा मिनिटांत करतो. दोष असेल तर तो बहुतेकदा जन्मजात असतो, बरा होत नाही, आणि वैमानिकासकट कितीतरी शाखा बंद होतात. मुलाने चार वर्षं आकाशाकडे बघत काढावीत आणि लष्करी रुग्णालयात हे कळावं, इतकं वाईट काही नाही. सपाट पाऊल घरीच बघता येतं. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसली तर आशा असते, तेव्हाही पाऊल सपाटच राहिलं तर अस्थितज्ज्ञाला दाखवावं. कानातला मळ, जास्त वजन, नाकाचा वाकडा पडदा, हायड्रोसिल, अंगठ्यांची आत वळलेली नखं यांवरून मुलं परत पाठवली जातात आणि हे सगळं आधी दुरुस्त होण्यासारखं असतं. चष्मा घालवायला घाईने लेझर करू नये, वयाच्या विसाव्या वर्षाआधी केलेली ती शस्त्रक्रियाच अपात्र ठरवते. गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागे चालतं, दंडावर नाही. पहिल्या तपासणीत बाद झालं तर अपील करता येतं, त्याची मुदत आणि रुग्णालयाचं नाव तिथल्या तिथे विचारून लिहून घ्यावं. रडारडीत मुदत निघून जाते.

आता अधिकाऱ्याचा रस्ता. एनडीएची लेखी परीक्षा ९०० गुणांची: गणित ३००, सामान्य क्षमता ६००, त्यात इंग्रजी २००. वर्षातून दोनदा, वय साडेसोळा ते साडेएकोणीस. गणितात अडीच तासांत १२० प्रश्न, चुकीला तृतीयांश गुण वजा. ही परीक्षा अभ्यासाने निघते. एका वेळी जागा चारशेच्या आसपास आणि अर्ज लाखोंनी, म्हणजे अवघड आहेच, पण तिचा अभ्यासक्रम छापलेला आहे. खरा प्रश्न पुढच्या ९०० गुणांचा आहे, जे एसएसबीत, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या चाचण्यांत आणि मुलाखतीत मिळतात. त्या पाच दिवसांत घर तपासलं जातं.

हे शब्दशः खरं आहे. पोचल्यावर मुलाकडून एक माहितीपत्रक भरून घेतात: वडील काय करतात, आई काय करते, शिक्षण, उत्पन्न, भावंडं कितवीत. पहिल्या दिवशी चाळणी होते, निम्म्याहून अधिक मुलं संध्याकाळच्या गाडीने परत. राहिलेल्यांची मानसशास्त्रीय चाचणी: बारा चित्रं, त्यातलं शेवटचं कोरं, प्रत्येकावर चार मिनिटांत गोष्ट. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. साठ प्रसंग, अर्धा तास. आणि शेवटी पंधरा मिनिटांत स्वतःचं वर्णन, ज्याचा पहिलाच परिच्छेद असतो: तुझ्या आई-वडिलांचं तुझ्याबद्दल काय मत आहे?

बहुतेक मुलं लिहितात, मी आज्ञाधारक आणि कष्टाळू आहे असं त्यांना वाटतं. कारण त्यांना ठाऊकच नसतं. घरात त्यांच्याबद्दल मार्कांपलीकडे कुणी बोललेलं नसतं. एसएसबीच्या क्लासची फी भरण्याआधी आई-वडिलांनी एका संध्याकाळी मुलाला खरं सांगावं: तू शब्द पाळतोस, पण चुकलास की गप्प बसतोस. पैशाला नीट आहेस, धाकट्या बहिणीवर मात्र उगाच आवाज चढवतोस. ते ऐकून मुलगा चिडेल, भांडेल. पण त्याला स्वतःबद्दल खरं बोलायची सवय लागेल आणि मुलाखत घेणारे अधिकारी तेच शोधत असतात. ते एका दमात आठ-दहा प्रश्न विचारतात: घरात जास्त जवळचं कोण, वडिलांची कुठली गोष्ट पटत नाही, घरातलं कुठलं काम तुझ्याकडे आहे, शेवटचं भांडण कशावरून झालं. पाठ करून आलेल्या मुलाची उत्तरं पहिल्या दोन प्रश्नांत गुळगुळीत असतात, पाचव्यात विसंगत होतात. सैन्यात का यायचं आहे या प्रश्नावर वडिलांचं स्वप्न बोलू लागलं तर तेही तिथे ऐकू येतं. चित्रांवरच्या बारा गोष्टी आणि साठ शब्द एकमेकांशी ताडून बघितले जातात, उसनी इच्छा तेवढा वेळ टिकत नाही.

प्रसंगांचंही तसंच. समजा लिहिलेलं आहे: परीक्षेच्या आदल्या रात्री एसटी घाटात बंद पडली, तो... ज्या मुलाला वडिलांनी कधी एकट्याने सोलापूर ते नागपूर पाठवलंच नाही, तो वडिलांना फोन करतो. त्याच्याजवळ दुसरं उत्तर नसतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मैदानावर फळी, बल्ली आणि दोरी घेऊन गटाने अडथळा पार करायचा असतो. तिथे ओरडणाऱ्याला गुण मिळतात ही अफवा आहे. दुसऱ्याची चांगली सूचना उचलून ‘तू दोरी धर, मी पलीकडे जातो’ म्हणणारा पुढे जातो. हे क्लासमध्ये पंधरा दिवसांत शिकवता येत नाही. दहावीपासून घरची कामं त्याच्या अंगावर टाकली असतील तर येतं: बँकेत जाणं, आजीला दवाखान्यात नेणं, लग्नकार्यात वाढपाची पंगत सांभाळणं, चुकलेला हिशोब स्वतः निस्तरणं. मला विचाराल तर पालकांनी द्यायचं प्रोत्साहन ते हेच. ते दिलेलं मूल सैन्यात गेलं नाही तरी वाया जात नाही.

नापसंतीचं कारण तिथे कधीच सांगत नाहीत. मुलगा घरी येतो तेव्हा त्याच्या हातात काहीच नसतं. त्या आठवड्यात ‘काय चुकलं तुझं’ विचारू नये, त्यालाही ते माहीत नसतं. पुढे पदवीनंतर सीडीएस, म्हणजे पदवीधरांसाठीची अधिकारीपदाची परीक्षा आहे, हवाई दलाची एएफसीएटी आहे, एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र असेल तर स्वतंत्र प्रवेश आहे. म्हणून एनडीएसाठी कॉलेजचं वर्ष सोडून बसू देऊ नये. पदवी चालू राहिली की चोविसाव्या वर्षापर्यंत संधी येत राहतात आणि मुलगा रिकामा दिसत नाही. लेखी पास झालेल्यांसाठी नाशिक रोडला राज्याचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, राहणं-जेवण मोफत. प्रवेशाची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची. हजारोंची फी मागणाऱ्या खाजगी क्लासकडे जाण्याआधी तिथे जावं.

शाळांबद्दल थोडक्यात. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झालं. सहावीच्या प्रवेशाला मूल दहा ते बारा वर्षांचं असतं. त्या वयात ते सैन्य निवडत नाही, आई-वडील वसतिगृह निवडतात. शाळा चांगली आहे म्हणून घालावं, एनडीएचं वचन समजून नव्हे. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था मला जास्त पटते, कारण तिथे दहावीनंतर मुलगा स्वतःच्या मनाने येतो. नावात ‘सैनिकी’ आहे म्हणून प्रत्येक शाळा सैनिक स्कूल नसते. जिल्ह्याजिल्ह्यातल्या गणवेशाच्या शाळांना एकच प्रश्न विचारावा: गेल्या तीन वर्षांत लेखी किती जण पास झाले आणि एसएसबीतून किती आले? नावं सांगता आली नाहीत तर दुसरीकडे बघावं.

मुलींसाठी एनडीए २०२१च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडली आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. मुलाला ‘जा’ म्हणणारं घर मुलीला ‘कशाला’ म्हणत असेल तर त्या घराचा आक्षेप धोक्याला नाही. वर जे सगळं लिहिलं ते मुलीलाही तसंच लागू आहे, धावण्याची वेळ आणि बीम सोडून.

भरतीत पैसे घेऊन ‘लावून देणारा’ माणूस प्रत्येक तालुक्यात भेटतो. लेखी संगणकावर होते, धाव सर्वांसमोर आणि घड्याळावर होते, त्याच्या हातात काहीच नसतं. तो दहा मुलांकडून पैसे घेतो, त्यातली दोन आपल्या जोरावर लागतात, त्यांचे ठेवतो आणि उरलेल्यांना पुढच्या भरतीचं आश्वासन देतो. खरा घोळ कागदपत्रांत होतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव एक, आधारवर दुसरं, जन्मतारखेत एक दिवसाचा फरक, आणि धाव जिंकलेला मुलगा टेबलावरून परत येतो. हे दुरुस्त करायला महिने लागतात, म्हणून फॉर्म भरण्याच्या वर्षभर आधी सगळे कागद एका शेजारी एक ठेवून अक्षर न् अक्षर ताडून घ्यावं.

मुलगा अधिकारी झाला तर मूळ पगार ५६,१०० आणि लष्करी सेवा वेतन १५,५००. तेराव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल वेळेनुसार होतो, कर्नल मात्र निवडीने, आणि पुष्कळ चांगले अधिकारी तिथे थांबतात. चाळिशीच्या आत आपल्या मुलाला ‘यापुढे बढती नाही’ हे ऐकावं लागू शकतं, हे पालकांना आधी माहीत असलेलं बरं. गावात मग लोक ‘ब्रिगेडियर कधी?’ विचारतात. त्याला घरून कुणी विचारू नये.

एक गोष्ट बोलायला अवघड म्हणून राहून जाते. भरती होताच मुलगा वारस म्हणून आई-वडिलांचं नाव लिहितो. लग्न झालं की युनिटमध्ये नोंद बदलते. नियमित सेवेतल्या जवानाचं कुटुंब निवृत्तिवेतन आधी पत्नीला आणि मुलांना जातं, आई-वडिलांचा क्रम त्यानंतर लागतो. गट विम्याच्या नामनिर्देशनात मात्र टक्केवारी वाटून देता येते आणि ती जवान स्वतः लिहितो. शेती कुणाच्या नावावर, म्हाताऱ्या आई-वडिलांचं औषधपाणी कशातून, सुनेला काय, हे लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत चौघांनी एकत्र बसून ठरवावं आणि मुलाने युनिटला परतल्यावर तो फॉर्म भरून त्याची एक प्रत घरी पाठवावी.